जसा आहे तसा, परत घेतला जाणार नाही

४ तारीख
लिहीन लिहीन म्हणत आठवडा गेला. या वहीवर चहाचे कप ठेवून झाले, अक्षर एक नाही. असो. खोली झकास मिळालीय. खाली चांभारकाकांचं दुकान, वर मी, खिडकीत कुणाचं तरी मांजर. ते सारखं माझ्याकडे बघतं, मी त्याच्याकडे, कामं राहतात. काम म्हणजे ऑनलाइन लिलावात जुने अँप्लिफायर, टेपरेकॉर्डर रास्त भावात हुडकायचे, झाडूनपुसून विकायचे. ताई फोनवर म्हणाली, घेतोस ढीगभर, विकतोस कधी रे भटक्या? तिचं बरंय. ती गाणं शिकवते, गळा हेच तिचं दुकान.

७ तारीख
स्पूलचा, मोठ्या फिरत्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर चक्क माझ्या बोलीला मिळाला. खाली लिहिलेलं, जसा आहे तसा, परत घेतला जाणार नाही. आणायला गेलो तर विकणारा सगळं चिठ्ठीवर लिहून सांगत होता. मुका असावा बिचारा. घरी लावून पाहिला, तर स्पूलवर कुणीतरी बाप्या मजेत गप्पा मारत होता. मशीन घरी आलं की आम्ही जुनं घेणारे आधी स्वतःचा आवाज भरून बघतो. मीही म्हटलं, हॅलो, हॅलो. काय खणखणीत वाजला.

९ तारीख
घसा बसलाय. चांभारकाका म्हणाले, गुळण्या कर. पण मशीन माझ्या आवाजात मी न भरलेलं बोलतंय. आज त्यानं मांजराला हाक मारली. मांजर आलं नाही. पळालं.

१० तारीख
आवाज गेला. पार गेला. विकणाऱ्याचा फोन आला. तो बोलत होता. आवाज स्पूलवरच्या त्याच बाप्याचा. माफ कर म्हणाला, पुढचा कुणी त्यात बोलला की तुझाही आवाज सुटेल. मी नुसतं तोंड उघडलं—

११ तारीख
फोडावं तर माझा आवाज आत. टेपरेकॉर्डर विकायला टाकलाय. जसा आहे तसा. लाज वाटते, पण— ताईचे फोन येताहेत. उचलून काय करू. फोन वाजला की मशीन म्हणतं, ताई, ताई.

१२ तारीख
बोली लागली. कुणी ‘चिमणी’ नावानं. नको वाटलं, काढायला गेलो. एकदा बोली लागली की मागे घेता येत नाही—

१४ तारीख
दार वाजलं. चिमणी म्हणजे ताईच. हसतेय. म्हणाली, फोन उचलत नाहीस, म्हटलं स्वतःच येऊन न्यावं, तुझं कुणीतरी घ्यायला नको का. मी मान हलवतोय, तिला चेष्टा वाटते. मी हात धरला, तिनं सोडवून घेतला—

ताई बोलू नकोस
बटण दाबू नकोस आधी हे वाच

बघत नाही इकडे. मशीनपाशी वाकलीय. मीच शिकवलंय तिला, घेताना आधी आपला आवाज—