तिसरी पिन

खांडबारा,
होळीला नऊ दिवस

प्रिय पवन,

तुझी यादी मोबाइलवर आली त्याला पंधरा दिवस झाले. मी ती वाचली हे तुला निळ्या टिकांवरून कळलं असेलच, आणि सॅम्या अजून तसाच आळशी आहे म्हणून तू दोन शिव्याही घातल्या असशील. घाल. पण आळस नव्हता. उत्तर लिहायला घेतलं की हात थांबायचा. शेवटी कागद घेतला. फोन तू मध्येच ठेवून देतोस, मेसेज अर्धा वाचतोस. पत्र निदान हातात राहतं. शाळेतल्या मराठीत लिहितोय, तेवढं हसू नकोस.

आधी यादीचं बघू. ग्राफिक्स कार्ड आठ जीबीचं घेतोयस ते बरोबर. प्रोसेसर मात्र उगाच मोठा निवडलास, गेमला एवढा लागत नाही, एक पायरी खाली ये. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन लहान घे, जोडीने चांगल्या चालतात. कॅबिनेट पुढून जाळीचं घे. काचेचं दिसतं झकास, पण सुरतेच्या उन्हाळ्यात आत भट्टी पेटेल. आणि एसएमपीएससमोर तू लिहिलंस, ‘कोणताही चालेल’. हे वाक्य माझं आहे, पवन. आपण पहिला कॉम्प्युटर जोडला तेव्हा मीच तुला ते म्हणालो होतो. ते खोड. अख्ख्या मशीनला वीज जिथून जाते तो डबा आधी निवड, नाव असलेला, हातात जड लागणारा, आणि उरलेल्यात बाकीचं बसव.

तुझी यादी आली त्याच दिवशी मी नवलसिंगकाकांना, तुझ्या आबांना, फोन केला. तुला विचारलं नाही, कारण तू नाहीच म्हणाला असतास. सहा वर्षं तू तुझ्या बापाशी बोललेला नाहीस. तुझी आई, माझ्यासाठी मावशी, शॉक लागून गेली ती आबांनी घरात केलेल्या वायरिंगमुळे, हे तुझ्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि ते का बसलं हेही मला कळतं. मी काकांना एवढंच सांगितलं की पवन पुन्हा कॉम्प्युटर जोडतोय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते इथे हजर. पुरुषोत्तमनगरहून बसने नंदुरबार, तिथून रेल्वे, आणि मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला आपला जुना कॉम्प्युटर. स्टेशनवरून माझ्या रिपेअरिंगच्या दुकानापर्यंत डोक्यावर आणला. मी म्हटलं, काका, रिक्षा करायची. तर म्हणाले, रिक्षात दणके बसतात. मग स्टुलावर टेकले आणि म्हणाले, “पवन होळीले ई. तो ई तव्हय हाई चालू पाहिजे.” तू होळीला येणार असं त्यांना कोणी सांगितलं, हे मी विचारलं नाही.

ते फार वाळलेत. कारखान्यातलं काम सुटलं, डाव्या कानाने ऐकू येत नाही. तरी पान्हा कुठला, पेचकस कुठला हे न मागता हातात देत होते. आठवतं, आपण हे मशीन जोडलं तेव्हा त्यांना काय वाटलं होतं? पोरगं उद्योगाला लागलं म्हणून खूष होते, फक्त काका-मावशीच्या मते उद्योग अभ्यासाचा होता. बिचारी मावशी शेजारणींना सांगत फिरायची की पवन इंजिनेराचं काहीतरी करतो. आणि आपण काय करायचो, तर गाड्या पळवायचो आणि भिंतीला धडकवायचो. नंदुरबारच्या भंगारवाल्याकडून मदरबोर्ड, सुरतेहून जुनं ग्राफिक्स कार्ड, तुझ्या मामाच्या मुलाचा मॉनिटर. सगळं जमल्यावर एसएमपीएस राहिला. तू म्हणत होतास की चांगला घेऊ, थोडे दिवस थांबू. मला थांबायचं नव्हतं. मी म्हटलं, कोणताही चालेल, आणि बिननावाचा पत्र्याचा डबा घेऊन आलो. तेव्हा मी आयटीआयला वायरमनच्या पहिल्या वर्षाला होतो, म्हणजे विजेतलं सगळं मलाच कळायचं.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, ते तुला आठवत असेल. आपण नव्या पोरांना मुद्दाम हात लावायला सांगायचो आणि पोट धरून हसायचो. एकदा मावशीने धूळ पुसता पुसता हात झटकन मागे घेतला. “हाई डबडं चावस रे,” म्हणाली. मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं, मावशी, पायात चप्पल घालत जा, काही होत नाही. शेणाने सारवलेल्या घरात कोणती बाई चप्पल घालून वावरते? आणि सारवताना? मी रोज तुमच्याकडे जेवायचो, मला हे माहीत नव्हतं असं नाही. मला तेव्हा विचारच करायचा नव्हता.

त्या दिवशी तू कॉलेजला होतास, काका कारखान्यात. गेम नेटवरून उतरत होता म्हणून तू मशीन चालू ठेवून गेला होतास. मावशी होळीआधीचं सारवण करत होती. अर्ध्या घरापर्यंत आली होती. ओल्या शेणाचा हात, ओली जमीन, अनवाणी पाय, आणि कोपऱ्यात पाटावर ठेवलेलं ते कॅबिनेट. मी पोचलो तेव्हा शेजारच्यांनी मेन स्विच पाडला होता, पण उशीर झाला होता. पंचनाम्याला आलेल्यांनी भिंतीवरच्या वायरी पाहिल्या, काकांनी स्वतःच केल्या म्हणून ऐकलं आणि ‘सदोष वायरिंग’ लिहून मोकळे झाले. आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या भाऊबंदांसमोर तू म्हणालास, “आबा, तुन्ही वायरिंगनी मन्ही मायना जीव लिधा.” काका तुझ्याकडे बघत राहिले. एक शब्द बोलले नाहीत. सगळ्यांना वाटलं, म्हणजे कबूल आहे.

आता दुकानातलं सांगतो. मशीन सुरूच होईना. पंखा फिरेना, दिवा लागेना. मी एसएमपीएस काढून उघडला. झाकणाच्या स्क्रूखाली आतली एक वायर चिमटली गेली होती, तिचं प्लास्टिक फाटून तांबं पत्र्याला टेकलेलं, आणि तिथे जळका काळा डाग. तीच विजेची वायर. तिच्यामुळेच वीज अख्ख्या कॅबिनेटमध्ये उतरत होती. दुसरा एसएमपीएस लावला, रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, आणि मशीन एका झटक्यात सुरू झालं. काकांनी स्क्रीनवर हात फिरवला. चालू लागलं म्हणून त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथे उभं राहवेना. तेव्हा मी त्यांना सांगितलं, आणि आता तुला सांगतो.

पवन, तुझ्या आबांचं वायरिंग बरोबर होतं. त्यांनी निंबाजवळ खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून, तांब्याची पट्टी पुरून अर्थिंग केलं होतं. दाराजवळचं तीन पिनचं सॉकेट त्यालाच जोडलेलं होतं. उन्हाळ्यात ते त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी घालायचे आणि आपण हसायचो, की आबा विजेला पाणी पाजतात. कॉम्प्युटरची वायर दारापर्यंत पुरत नव्हती. मला तो कोपऱ्यातच हवा होता, म्हणून मी दोन पिनचा जोडबोर्ड आणला, आणि तीन पिनचा प्लग त्यात बसेना तेव्हा वरची जाड पिन करवतीच्या पात्याने कापून टाकली. तू तेव्हा शेव आणायला गेला होतास. तुला कधीच कळलं नाही. ती तिसरी पिन अर्थिंगची असते, पत्र्यात उतरलेली वीज तिच्यातून जमिनीत जाते. ती असती तर त्या दिवशी फक्त फ्यूज उडाला असता आणि मावशीने आपल्याला शिव्या घातल्या असत्या. मावशी गेली त्या दिवशी, सगळे रडत असताना, मी तो प्लग काढला, वायर गुंडाळली आणि माझ्या दप्तरात टाकली. ती अजून माझ्याकडे आहे. तू बापाला बोललास तेव्हा मी तुझ्या शेजारी उभा होतो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली आणि तिच्यातून पितळेचा एक तुकडा माझ्यासमोर ठेवला. मावशीचं दहावं झाल्यावर उरलेलं अर्धं घर त्यांनी स्वतः सारवलं, तेव्हा तो कोपऱ्यात सापडला होता. पाहताक्षणी त्यांना सगळं कळलं होतं. मला त्यांनी एकच विचारलं, “मंग ही पिन पवननी कापेल नही शे?” मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही तेच विचारलं. सहा वर्षं त्यांना वाटत होतं की तू कापलीस. आपल्या हाताने माय गेली हे पोराला कधी कळू नये, म्हणून त्यांनी वायरिंगचा दोष अंगावर घेतला आणि तुझं तोंड बघण्यावरही पाणी सोडलं. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, “त्याले सांगू नको. तुनाशिवाय त्याले कोन्ही दोस्त नही शे.” आता मला वाचवायला निघाले होते. मी त्यांचं ऐकणार नाही, म्हणूनच हे पत्र. मला काय शिक्षा द्यायची ती दे, मी इथेच आहे, दुकान बंद करून कुठे पळणार नाही. पण माझ्याकडे नंतर ये. आधी घरी जा. कॉम्प्युटर त्यांनी पुन्हा डोक्यावरून नेलाय, आणि या वेळी दाराजवळच्या तीन पिनच्या सॉकेटपाशी मांडलाय.

तुझाच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझाच,
सॅम्युअल