दोरीने ओढलेली जीप

कमरीपेठ, हुबळी
२१ नोव्हेंबर २००४

प्रिय श्रीनिधी,

‘प्रिय’ वाचून हुरळू नकोस. शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, पत्राची सुरुवात आदरानेच करावी, मग ते पत्र दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला का असेना. मी तो नियम पाळते. शिवाय गवळ्याला तो शब्द तुझ्यापेक्षा जास्त शोभतो. पकडला गेला की तो निदान स्वतःच्या तोंडाने कबूल करतो.

तुझं तोंड हा माझा जुना विषय आहे. चाळीस वर्षांपूर्वी तू मला मागणी घालायला आमच्या घरी आलास, तेव्हा बोलायला मावशीला आणलं होतंस. अप्पांनी तुला सरळ विचारलं, बाबा, तुझं काय म्हणणं आहे? तू आढ्याकडे पाहत राहिलास. मी नाही म्हटलं, आणि आठवड्याभरात साऱ्या गल्लीत पसरलं की श्रीनिधी कुठे मागणी घालायला गेला होता, तो तर मावशीला सोबत म्हणून गेला होता. तेव्हा मला राग आला होता. पुढे कळलं की ती नुसती भेकडाची सवय नव्हती, सरकारी नोकरीत वर चढण्याची शिडी होती. तू डीवायएसपी झालास. माझा भाऊ भीमसेन, ज्याला तोंड आहे पण ते उघडायची परवानगी कधी मिळाली नाही, हेड कॉन्स्टेबल झाला आणि तुझ्याच हाताखाली आला.

अळणावरची गोष्ट तू विसरला असशील, म्हणून आठवण देते. ब्याण्णव साली वखारीतले हमाल मजुरी वाढवून मागत रस्त्यावर बसले होते. हातात दगड नव्हते, डबे होते. दुपार झाली होती आणि तुला जेवायला जायचं होतं. ‘मारा’ असं तू कधीच म्हणत नसायचास, हे तुझ्या हाताखालच्या सगळ्यांना पाठ होतं. तू टोपी काढून डाव्या काखेत धरायचास, रुमालाने मान पुसायचास आणि पाठ फिरवायचास. बस्स. तेवढ्यावर काठ्या चालायच्या. त्या दिवशीही चालल्या. लक्ष्मण नावाच्या हमालाचा गुडघा फुटला, आणि तो भीमसेनच्या काठीने फुटला. भीमसेनला मी यातून सोडवत नाही. बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर काठी घालायला हात उचलावाच लागतो. पण लक्ष्मणने फिर्याद केली तेव्हा त्याने समोरचा चेहरा सांगितला. मागे पाठ करून उभ्या असलेल्याचा चेहरा त्याने कुठून सांगावा? आणि हुकूम कुणी दिला म्हणून वरच्यांनी तुला विचारलं, तेव्हा तू अगदी खरं बोललास. मी तोंडातून शब्दही काढला नाही, असं लिहून दिलंस.

सत्त्याण्णवला तू निवृत्त झालास. हार घातलेल्या जीपमध्ये तुला उभं केलं, पुढे दोरी बांधली आणि हाताखालच्या माणसांनी तुला ओढत बंगल्यापर्यंत पोचवलं. तुमच्या खात्याचा हा रिवाज मला नेहमीच बैलपोळ्यासारखा वाटतो, फक्त इथे बैल दोरी ओढतात आणि पूजा गाडीतल्याची होते. त्या दोरीला भीमसेनही होता. घरी आला तेव्हा तळहात सोलले होते आणि चेहरा खुलला होता. दोन वर्षांनी माझीही अशीच निघेल, अक्का, म्हणाला. नाही निघाली. खटला चालू असलेल्याला निरोप देत नाहीत. त्याच्यासाठी आणलेला हार कुणीतरी मागच्या दाराने कागदात गुंडाळून दिला, आणि तो सिटी बसने घरी आला. हार मांडीवर. पेन्शन तात्पुरती मिळाली, ग्रॅच्युइटी निकाल लागेपर्यंत अडवली. क्वार्टर सोडावं लागलं, म्हणून तो आणि त्याची बायको सुशीला माझ्याकडे राहायला आले. नियम मी वाचला आहे. नियम चांगला आहे. गुन्हेगाराला सरकारने बक्षीस देऊ नये, हे मलाही पटतं. फक्त तो नियम काठी धरणाऱ्याला ओळखतो, टोपी धरणाऱ्याला ओळखत नाही. तुला सगळं महिन्याभरात मिळालं. त्यातून विद्यानगरला वरचा मजला चढवलास, तो बसमधून दिसतो. वाईट बांधला आहे.

धारवाडच्या कोर्टात व्हरांड्यात एक बाक आहे. तारखेला तारीख, त्या बाकाच्या एका टोकाला भीमसेन आणि दुसऱ्या टोकाला लक्ष्मणची आई जनाबाई. लक्ष्मणला एवढं चालवत नाही, म्हणून ती अळणावरहून येते. मध्ये ती आपलं गाठोडं ठेवते. सुरुवातीला भीमसेनने एकदा तिला चहा आणून दिला. तिने तो त्याच्यासमोर कुंडीत ओतला. मला ती बाई तेव्हाच आवडली. न्यायाधीश बदलले, वकील म्हातारे झाले, गाठोडं मात्र जागचं हललं नाही.

आता खटल्याचा शेवट आला होता. भीमसेन स्वतः पिंजऱ्यात उभा राहून साक्ष देणार होता. वकिलाने पढवलं होतं, गर्दीत रेटारेटी झाली, कुणाची काठी कुणाला लागली सांगता येत नाही, एवढंच म्हण. वकील म्हणाला, सुटशील, आणि सुटलास की ग्रॅच्युइटीही सुटेल. आणि मग आठवडाभर आधी तुझा जुना ऑर्डर्ली नागोजी आला. अजून तुझे निरोप पोचवतो, बिचारा, स्वतः निवृत्त झाला तरी. साहेबांना फार वाईट वाटतं, म्हणाला, की भीमसेनला निरोप मिळाला नाही. साहेबांची जीप येईल, हार, दोरी, जुनी माणसं, सगळं रीतसर. कोर्टाच्याच सकाळी, म्हणजे जीप पुढे धारवाडलाही सोडेल. तू त्याला काय बोल म्हणून सांगितलं नव्हतंस. तू कशाला सांगशील? तू परत एकदा टोपी काखेत धरली होतीस.

आणि माझा मूर्ख भाऊ हो म्हणाला. वयाची साठी उलटलेला माणूस पोरासारखा दाढी करून, पांढरी टोपी घालून पहाटेपासून ओट्यावर बसला. मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. जीप आली, लिलावात घेतलेली तुझी ती गंजकी जीप, आणि नागोजीने आणखी चार म्हाताऱ्यांना जुंपून ती गल्लीच्या तोंडापर्यंत ओढली. सुशीला रडली. मी दार लावून घेतलं आणि मागून बसने धारवाडला गेले, कारण माणूस किती स्वस्तात विकला जातो ते मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

तो पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा शेवंतीची पाकळी खांद्यावर तशीच होती. सरकारी वकिलाने कंटाळून विचारलं, लाठीमाराचा हुकूम कुणी दिला? भीमसेनने न्यायाधीशांची परवानगी मागितली. मग टोपी काढली, डाव्या काखेत धरली, रुमालाने मान पुसली आणि पाठ फिरवली. सारं कोर्ट त्याची पाठ बघत होतं. मग तो वळून म्हणाला, “श्रीनिधी साहेबांनी एवढं केलं. आम्ही समजलो. त्याचा गुडघा माझ्याच काठीने गेला.”

आमच्या वकिलाने डोक्याला हात लावला. सुटका गेली, ग्रॅच्युइटीही गेली, निदान आमच्या हयातीत तरी. बाहेर येऊन मी त्याला जीपचं विचारलं. तो म्हणाला, “माझी होती ती, अक्का. मी घेतली. त्याबदल्यात काही द्यायचं असं कुणी तोंडाने बोललं नव्हतं.” मग म्हणाला, इरली बिडु, असू दे. आणि बाकाकडे गेला. जनाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. पण गाठोडं उचलून मांडीवर घेतलं.

आता हे पत्र का, ते. न्यायाधीशांनी तुला आरोपी म्हणून बोलावलं आहे. समन्स येत्या काही दिवसांत येईल. भीमसेन दोन दिवस माझ्यामागे लागला आहे की साहेबांना आधी कळवायला हवं, एकाएकी दारात पोलीस दिसायला नको, शेजारीपाजारी काय म्हणतील. तू चांगलं लिहितेस, जरा आदराने लिही, म्हणाला. तसं लिहिलं आहे. बाकावर आता मधली जागा मोकळी आहे, तिथे बस. टोपी आणलीस तरी उपयोग नाही. तिथे नाव विचारलं तरी तोंडाने सांगावं लागतं.

सिस्टरांच्या नियमापुरती तुझीच,
विमला