उजव्या गालावरचा तीळ

उझुमासा, क्योतो
ता. ४ ऑक्टोबर १९५७

ती. यासुजीदादास,
धाकट्या फुमिएचा सा. न. वि. वि.

दादा, आधी खाली बस, मग वाच. तीन वर्षं मी या स्टुडिओत गर्दीत चालले, पुलावरून पळाले, तलवारीखाली अकरा वेळा मेले. या खेपेला माझ्या पात्राला नाव आहे आणि बोलायला चक्क सात वाक्यं आहेत. शिंप्याच्या मुलीचं काम आहे. ठरलेल्या नटीला सुई धरता येईना. दिग्दर्शक वैतागले आणि कुणाला शिवता येतं का, असं त्यांनी आम्हा गर्दीवाल्यांना विचारलं. मी हात वर केला. बाबांनी शिकवलेली टीप घातली, तर त्यांनी कॅमेरा थेट माझ्या हातांवर आणला. रंगभूषावाले उजव्या गालावरचा तीळ झाकायला निघाले होते, तोही त्यांनी राहू दिला.

चित्रपट महिनाअखेरीस आपल्या त्सुरुगात लागेल. तो बाबांनी पाहावा, एवढंच मला हवंय. नटी झालीस तर मला मुलगी नाही म्हणाले, त्यानंतर त्यांची एक ओळ आलेली नाही. तू त्यांचा लाडका ना? मग विचारून बघ की.

आईला नमस्कार. लोभ आहेच, पण उत्तर लवकर धाडलंस तर तो वाढेल.
तुझी फुमिए


त्सुरुगा
ता. १८ ऑक्टोबर १९५७

चि. फुमिएस,
दादाचे अ. उ. आ.

बाईसाहेब, घात झाला. तुझं पोस्टर काल गावच्या सार्वजनिक न्हाणीघराच्या भिंतीवर लागलं. त्यात तुझ्या किमोनोची उजवी बाजू वर आणि डावी खाली आहे. मढ्याला नेसवतात तशी. शिंप्याची लेक आणि अख्ख्या गावासमोर मढं होऊन उभी. शेजारीण आईला विचारायला आली, की पोरगी बरी आहे ना.

बाबांनी पोस्टर भिंतीवरून सोडवून घरी आणलं. आता घर डोक्यावर घेतलंय. ज्याने हे नेसवलं त्याला धडा शिकवतो म्हणताहेत. सोमवारच्या सकाळच्या गाडीने ते क्योतोला निघणार. आणखी एक गोष्ट आहे, पण त्यांनी माझ्या तोंडाला कुलूप लावलंय. तू जपून राहा आणि त्या दिवशी तरी सरळ नेस.

आईचा जीव खालीवर होतोय. सुखरूप असल्याचं कळव.
तुझा यासुजी


उझुमासा
ता. २२ ऑक्टोबर १९५७

ती. दादास, सा. न.

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे. बाबा पोस्टर घेऊन आले ते तडक कपडेपटात. तिथल्या तोकुमावशी तीस वर्षं नटनट्यांना नेसवताहेत. इथे जिवंत माणसाला मढं करतात का, असं बाबांनी त्यांना विचारलं. भोवती वीसेक सामुराई भाताचे गोळे खात बसले होते, त्यांचे घास हातातच राहिले. मावशी जराही बिचकल्या नाहीत. त्यांनी पोस्टरवर बोट ठेवून दाखवलं, की अंबाड्यातली फणीसुद्धा दुसऱ्या बाजूला आहे, छापखान्याने फोटोच उलटा छापलाय. एवढे जुने शिंपी आणि हे दिसलं नाही होय, असा टोमणाही मारला. बाबांनी पोस्टर गुंडाळून पिशवीत घातलं.

मग त्यांनी मला पाहिलं. माझी गळपट्टी सरळच होती, तरी त्यांनी कमरेची ओबी सोडून पुन्हा बांधली. जेवतेस का नीट, असं विचारलं. मी रडले, रंग धुऊन निघाला आणि रंगभूषावाल्यांची बोलणी खाल्ली. पिशवीतून कोंड्यात मुरवलेले बांगडे निघाले, ते आम्ही सगळ्यांनी खाल्ले. उरलेल्या दृश्याच्या वेळी बाबा स्टुलावर बसले होते. चित्रण चालू असताना मध्येच ओरडले, की दोरा फार लांब घेतलास. दृश्य वाया गेलं. दिग्दर्शकांनी त्यांनाच पुढे बोलावून दोरा मापून घेतला.

दादा, मी फार खुशीत आहे. एकच गोष्ट टोचते. छापखान्याची चूक झाली नसती, तर बाबा आलेच नसते. ते मढ्यासाठी आले, माझ्यासाठी नाही.

आईला सांग, मी जिवंत आहे.
फुमिए


त्सुरुगा
ता. २ नोव्हेंबर १९५७

चि. फुमिएस अ. उ. आ.

काल पहिल्या खेळाला बाबा पुढच्या रांगेत होते. पडद्यावर तुझे हात आले तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, की ही टीप आमच्या घरची. दुसऱ्या खेळालाही बसले. आईने हाताला धरून घरी आणलं.

आता कुलूप काढतो, बाबांनी मारलं तरी चालेल. त्या दिवशी न्हाणीघरापाशी मी त्यांच्या शेजारीच होतो. पोस्टर दिसताच गळपट्टीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. त्यांनी चित्रातल्या तुझ्या डाव्या गालावरच्या तिळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, तीळ उजव्या गालावर असतो तिच्या, छापणाऱ्याने उलटं छापलंय. मग हलक्या हाताने पोस्टर सोडवलं. घरी येऊन आरडाओरडा सुरू केला तो त्यानंतर. बांगडे तर त्यांनी पोस्टर लागायच्या आदल्या आठवड्यातच तुझ्यासाठी बांधून ठेवले होते.

नव्या वर्षाला घरी ये. तुझा जुना किमोनो बाबांनी उसवून नव्याने शिवायला घेतलाय.
तुझा दादा, यासुजी