रिजेक माल

टिमकी, नागपूर
ता. २२ ऑगस्ट १९७३

सौ. भागीबाईले मधूचा वाकून नमस्कार. भाऊजीले बी सांगजो. राखी भेटली. माही मीच बांधली, दातानं गाठ मारून. इथं सगळे खुशाल हाये, असं लिवायची रीत हाये म्हून लिवतो.

पहिले एक कबूल करतो. तुह्यं पाकीट बाबाच्या नावानं होतं, ते मी फोडलं, अन् बाबाले वाचून दाखवतानी मधलं गाळून टाकलं. तू लिवलं होतं का, "बाबा, हातमाग काहून विकून राहिले? तुमाले झालं काय?" ते मी वाचलंच नाही. त्याच्या जागी वाचलं का तुमच्या खाप्यात कन्हान नदीले पूर आला. बाबा घाबरला. म्हणे, "घरात त नाही ना शिरलं पानी?" मी म्हटलं, "नाही बाबा, पायरीपर्यंत आलं अन् वापस गेलं." पाह्य, मी पुराले बी वापस धाडलं.

आता चिडशील. चिड. पन पुरं वाच. तू बाबाले विचारलं, उत्तर मी देऊन राहिलो.

बाबाले झालं काय, त रिजेक झालं.

तुह्या लग्नाच्या वक्ती हा शब्द आपल्या गल्लीत नवाच होता. विणकर सोसायटीत माल तपासणारा चेकर मारोतराव, तो घेऊन आला. त्याच्या टेबलावर दोन लाकडी शिक्के राहते, एक पासचा, एक रिजेकचा. जांभळी शाई. लुगड्याच्या आतल्या टोकाले एकदा का ठोकला, मंग कितीबी धुवा, निघत नाही. आता त सगळ्याच गोष्टीले रिजेक म्हणते लोक. वरणात मीठ जास्त झालं, वरण रिजेक. रिक्षावाला महाल भागात याले नाही म्हणे, रिक्षा रिजेक. शेजारच्या पार्वतीबाईची बकरी दूध देईना, त तिले बी तेच नाव ठेवलं, अन् ती बकरी त्या नावाले वळूनबी पाह्यते. आमचे शाळेतले मास्तर म्हणे, रिजेकचा अर्थ नापसंत. मास्तरले काय समजते? नापसंत त बाजारातली भाजी बी राहते. रिजेक म्हणजे जो माल पुरा झाला, ज्याच्यात मेहनत पुरी लागली, अन् तरीबी घरी वापस आला. इंग्रजीत मी तीनदा नापास, पन हा एक शब्द मले पक्का येते. काहून येते, ते मागून सांगतो.

तुले एक गोष्ट ध्यानात हाये का? टिमकीत नवं लुगडं कोन नेसते? ज्याच्या घरी रिजेक जास्त, त्याची बायको. शिक्का आतल्या टोकाले राहते, कमरेत खोचला का कोनाले दिसत नाही. धोंडबाची बायको पाह्य. धोंडबाले मागावर ताना बी नीट बांधता येत नाही, अन् ती बाई दर सणाले नवीकोरी. अन् आपली माय? गल्लीतल्या सगळ्यात पक्क्या विणकराची बायको. जलमभर बाबासाठी सुताच्या कांड्या भरल्या, अन् त्या मागावरचं एक लुगडं तिच्या अंगाले नाही लागलं. बाबाचा माल रिजेकच होत नव्हता ना. दोन फाटक्याचं एक शिवते अन् नेसते.

तुह्या पोराच्या बारशाले ती आली नाही. गुडघा दुखते, असं तुले कळवलं होतं. गुडघा नव्हता दुखत, बाई.

ते मले माहीत होतं. म्हून एका मंगळवारी मी सोसायटीत माल घेऊन गेलो तवा दोन लुगडे होते. एक जमा केलं, पास झालं. दुसरं चटणी रंगाचं, रुईफुलाच्या काठाचं, असं का हात लावला त हातच म्हणते, थांब. मारोतराव पान खायले उठला. शिक्के टेबलावर. मी रिजेकचा उचलला, ठोकला, लुगडं गठ्ठ्यात दाबलं अन् शिटी वाजवत घरी आलो. म्हटलं, "बाबा, एक रिजेक आला."

मी समजलो होतो बाबा दोन शिव्या देईन, मारोतरावाच्या खानदानाचं नाव काढीन, अन् लुगडं मायकडं फेकीन. झालं. मायचं काम झालं.

पन बाबा लुगडं घेऊन दारात गेला, उजेडात धरलं, अन् वीत वीत करून पाहू लागला. इकडून पाह्यलं, उलटं करून पाह्यलं. जेवला नाही. माय म्हणे, "अवो, त्या मेल्याचीच चूक असंल." त बाबा म्हणे, "शिक्का उगीच पडते का? चूक असंलच. मलेच दिसून नाही राहिली." मंग मले हाक मारली. "मधू, इकडं ये गा. तुह्ये डोळे तरणे हाये. पाह्य बरं."

बाई, मी बसलो त्याच्या बाजूले. जी चूक नव्हतीच, ती मी त्याच्यासंगं धुंडली.

दुसऱ्या दिवशी तो एकदम ओरडला, "सापडली!" इतला खूश मी त्याले कधी नाही पाह्यला. काठाजवळ एक दोरा ढिल्ला होता म्हणे. बोट ठेवून दाखवलं. मले काहीच नाही दिसलं. मी म्हटलं, "हो बाबा, हाये."

तिथंच सांगून टाकाचं होतं. तोंडात आलं होतं.

मंग तो मले घेऊन सोसायटीत गेला, चांगला धुतलेला सदरा घालून. ज्या मारोतरावाले तो आजवर 'काल आलेला पोट्टा' म्हणे, त्याच्यापुढं उभा राह्यला. म्हणे, "मारोतराव, तुमची नजर पक्की हाये. मले एक दिवस लागला, तुमाले लगेच दिसलं."

मारोतरावानं शिक्का पाह्यला. मंग लुगडं पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलं. समजला तो. हा शिक्का आपून नाही मारला, हे त्याले पक्कं समजलं. पन शिक्का उघडा टाकून पान खायले गेलो होतो, असं कोन सांगते वं? अन् ज्याच्या मालात कधी नख घालता आलं नाही, तो मानूस स्वतःच हात जोडून आला होता. म्हणे, "होते काका, होते. वय झालं का होते. चष्मा बनवा."

मी नाही बोललो. तो बी नाही बोलला. आमी दोघंही लय समजदार.

त्या दिवसापासून मारोतरावाची भीड चेपली. आता तो बाबाचा माल घेते, नाक जवळ नेते अन् ठोकते. अन् खरं सांगू का, आता चूक असतेच. बाबा भिऊन विणते. चार बोटं विणते, थांबते, बोट फिरवते, उसवते. मागावरच्या धोट्याचा आवाज ऐकून गल्लीले समजे का घरी बाबा हाये. आता तो आवाज असा तुटून तुटून येते जसा म्हातारा खोकलते. मायकडं आता तीन नवे लुगडे हाये. तिनं एकबी नेसलं नाही. घड्या घालून पेटीत ठेवले. मी म्हटलं, "माय, नेस ना वं." त म्हणे, "मेल्यावर नेसवजा."

म्हून माग विकून राहिला तो. उमरेडच्या मानसाले हो म्हटलं हाये. तान्हा पोळा झाला का तो खड्ड्यातून माग काढून नेईन.

आता तू म्हणशील, पोट्ट्यानं मायसाठी केलं, चुकलं, पन मन चांगलं होतं. मले बी असंच लिवाचं होतं. इथंच सही करून पाकीट चिकटवणार होतो.

पन मायसाठी कराचं होतं त बाबाले सांगता आलं असतं का बाबा, एक लुगडं घरी ठेव. मी कधी सांगितलंच नाही.

त्या मंगळवाराच्या आधी तिसऱ्यांदा माह्या मॅट्रिकचा निकाल लागला, त्या दिवशी पानठेल्यावर गल्ली जमली होती. कोनीतरी बाबाले म्हणे, "काय काका, पोराचं काय झालं?" बाबा म्हणे, "जलम गेला, माह्या हातून एक रिजेक माल नाही निघाला. हा एकच निघाला." अन् माह्याकडं बोट. सगळे हासले. मारोतराव त ठसका लागेपर्यंत हासला. मी बी हासलो, सगळ्याहून जोरानं. तवापासून मले गल्लीत मधू कोनी म्हणत नाही. लहान लहान पोट्टे बी "ए रिजेक" म्हणून हाक मारते, अन् मी बी वळून पाह्यतो, त्या बकरीसारखा.

शिक्का हातात घेतला तवा मायचं ध्यान नव्हतं मले. मले पाह्याचं होतं का हाच शब्द त्याच्या मालावर पडला, त त्याचं तोंड कसं होते.

पाह्यलं.

सांगून टाक, म्हणशील. रोज ठरवतो. पन मी सांगितलं त तो पहिले काय विचारीन, माहीत हाये? पोरानं असं काहून केलं, ते नाही विचारीन. विचारीन, "मंग तो ढिल्ला दोरा? मी बोट ठेवलं तो?" त्याचं काय सांगू मी? का नव्हता म्हून?

म्हून तू ये. पोळ्याच्या आधी ये, पोराले घेऊन ये. बाबाले सांग का मले एक लुगडं पायजे, तुह्या हातचं, सोसायटीले न दाखवलेलं. तुले तो नाही म्हणणार नाही. एक लुगडं मागावर चढलं त उमरेडवाल्याले थांबाच लागते. अन् ते झालं का चूक असो का नसो, नेसजो. त्याच्यासमोर उलटं करून पाहू नको.

ही चिठ्ठी वाचली का चुलीत टाक. भाऊजीले सांगू नको, ते हासत हासत कुठंतरी बोलून देईन. मायले सांगू नको. बाबा मेला तरी सांगू नको, अन् मी मेलो तरी सांगू नको. तुह्या पाया पडतो वं बाई, कोनाले सांगू नको.

तुहा भाऊ,
आतल्या टोकाले शिक्का असलेला,
मधू