बाटलीवरच्या रेघा

३० डिसेंबर २०२५, मंगळवार

घरी यायला साडेसात झाले. तिसगावला उतरल्यावर केशरला चालवेना. कल्याण मोटारसायकल घेऊन आला होता, पण मागे धरून बसण्याइतकाही जोर आईच्या हातांत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही. पोरगा चाळिशीला आला! शेवटी ओळखीच्या टेम्पोत पुढे बसवून आणली.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी नगर. चार तास डायलिसिसच्या मशीनवर. केशरच्या दोन्ही किडन्या गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली.

पाणी दिवसाला पाऊण लिटर, चहा-औषध धरून. मी बाटलीवर पेनाने सहा रेघा ओढल्या आहेत. कुठल्या रेघेपर्यंत किती वाजता, ते ठरलेलं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, फुकट्या माझ्या नजरेतून सुटत नाही. आज बाटली दिव्यापुढे धरून पाहत होतो तर म्हणाली, "आता मला बी तिकीट फाडा."

हसलो नाही. हसलो असतो तर तिने आणखी घोटभर मागितलं असतं.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

कल्याणने बांधाकडच्या ओळींतलं एक कणीस आणून दाखवलं. दाणा दुधात आहे. चार दिवसांत हुरडा होईल. या चार ओळी गुळभेंडी ज्वारीच्या, फक्त घरच्या हुरड्यासाठी पेरतो. बी केशरने माहेरून आणलं होतं, तेव्हापासून दरवर्षी राखलंय.

तिने दाणा नखाने दाबून पाहिला आणि बोट चाटलं.

खाऊ नये त्याची यादी कपाटावर चिकटवलेली आहे. केळी, पेरू, बोरं, गूळ, शेंगदाणे, नारळपाणी. सगळं वाचलं. हुरडा नाही यादीत. मग मी दवाखान्यात फोन लावला आणि विचारलं. तिकडून मुलगी म्हणाली, "अजिबात नको काका."

केशर म्हणाली, "इचारायला कुनी सांगितलं हुतं?"

४ जानेवारी, रविवार

हुरडा झाला. रुपालीने, आमच्या सुनेने, लसणाची चटणी वाटून ठेवली होती. मी म्हणालो, यंदा आगटी पेटवायची नाही. कुणासाठीच नाही.

आमच्यात हुरडा मीच भाजतो. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं. गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि पहिली मूठ केशरला. लग्न झालं त्या हिवाळ्यापासून हे असंच. माझी आई कुरकुरली होती, पहिली मूठ बायकोला देतो म्हणून. मग ती मूठ मी दुसऱ्या कुणाला देऊ?

"माज्यापायी लेकराबाळांनी का ऱ्हायचं?" ही म्हणाली. मी ऐकलं नाही. रुपालीने चटणी झाकून ठेवली.

६ जानेवारी, मंगळवार

मशीनवर पाय वळले. ओरडली नाही, माझी बाही धरून राहिली.

शेजारच्या बनुबाईच्या रानात आगटी पेटली आहे. परत आल्यावर ही ओट्यावर त्या धुराकडे तोंड करून बसली. आत चल म्हणालो तर म्हणे, "वासाला बी बंदी हाय का?"

८ जानेवारी, गुरुवार

आज सापडलं. हिचं लुगडं वाळत घालताना रुपालीला पदराच्या गाठीत काहीतरी टोचलं. सोडून पाहिलं तर बोराच्या बिया. अकरा. मोजल्या मी.

म्हणजे मी इथे घोटाघोटाचा हिशोब ठेवतो आणि ही बनुबाईकडे बसून बोरं खाते! तोंडाला येईल ते बोललो. सुनेसमोर बोललो. म्हणालो, तुला मरायचंच असेल तर मला हेलपाटे कशाला घालायला लावतेस. तिने बिया माझ्या हातातून घेतल्या आणि परत गाठीत बांधल्या.

दुपारचा चहा बंद केला.

९ जानेवारी, शुक्रवार

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. मागच्यापेक्षा चांगला. मला काही पटलं नाही. बाटल्यांची अदलाबदल झाली असेल.

११ जानेवारी, रविवार

चौथा दिवस. बोलत नाही. मीही नाही.

१२ जानेवारी, सोमवार

बनुबाईला झापायला गेलो होतो. ती बिचारी बोरं निवडत बसलेली. म्हणाली, "भाऊजी, आक्का एक बोर तोंडात घालत न्हाईत. आमी खातो, त्या निस्त्या बघत बसत्यात. बिया तेवढ्या मागून घेत्यात. बांधाला लावायच्या म्हनून."

आमच्या बांधावर जुनी बोर होती. गेल्या उन्हाळ्यात पाइपलाइनला आडवी येत होती म्हणून कल्याणने जेसीबीने काढली. ही तेव्हा दोन दिवस गप्प होती. मला वाटलं, तब्येतीमुळे.

घरी आलो. चहा मीच टाकला, साखर घालून, तिच्या पुढ्यात ठेवला. म्हणालो, सांगितलं का नाहीस?

"तुमी इचारलंच कुठं? डायरेक पावती फाडली."

मग गाठ सोडून बिया मला दिल्या. "मिरगात लावा तुमी. चार वर्सांत बोरं येत्याल."

तुमी, म्हणाली. आपण लावू, असं नाही म्हणाली. बिया खिशात आहेत.

१३ जानेवारी, मंगळवार

आज भोगी. घरात तिळाची भाकरी, बोरं-गाजर-पावट्याची भाजी. हिला पाण्यात उकडून, ते पाणी फेकून केलेला दुधी. तो चावून चावून खाल्ला आणि मग नगर. मशीनवर बीपी उतरलं, अर्ध्यातच काढावी लागली.

येताना खिडकीशी बसली होती. करंजीच्या पुढे म्हणाली, "ऐकलं का. मला आता मशीनवर न्यायचं न्हाई."

मी म्हणालो, असं बोलायचं नाही.

"तीन वर्सं तुमी म्हनाल तसं केलं. पानी प्यायचं न्हाई, न्हाई प्याले. आता माजं एक ऐका. हुरड्याला न्या मला."

बसमध्ये माणसं होती. मी तोंड फिरवून बसलो. आयुष्यभर बसमध्ये लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणून ओरडलो, आणि आज हातातल्या तिकिटाच्या घड्या घालत राहिलो.

१४ जानेवारी, बुधवार

कल्याणला सांगितलं. तो भडकला. "आण्णा, ती कायबी म्हनल. मी उचलून नेईन, पण मशीन चुकवायचं न्हाई." मग गोठ्यात जाऊन रडला. संक्रांतीचा दिवस. रुपाली सुगडं घेऊन ववसायला गेलीच नाही. तिळगूळ डब्यात तसाच आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंना बाहेर बोलावून विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, त्यांचं हृदय थकलंय. मशीनच झेपत नाहीये. चालू ठेवलं तरी फार दिवस सांगता येत नाहीत." आणि बंद केलं तर? "आठ-दहा दिवस. त्रास होऊ नये म्हणून औषधं देईन." हुरड्याचं विचारलं. म्हणाल्या, तसं ठरलं तर काय हवं ते खाऊ द्या, मात्र त्याने दिवस कमीही होतील.

मग त्या आत गेल्या. माझ्याकडे न बघता थेट हिला विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

"घरी," केशर म्हणाली.

तरी आज मी तिला मशीनवर झोपवली. मीच सही केली. ती निमूट झोपली, सुई टोचताना भिंतीकडे तोंड केलं. चार तास बाकड्यावर बसून मी फक्त एकच विचार करत होतो, की ही गेल्यावर मी बाटली कुणाची बघू. म्हणजे मी हे तिच्यासाठी करतोय की माझ्यासाठी? लाज वाटली. पण लिहून ठेवतो.

१८ जानेवारी, रविवार

कल्याण रानातून आला आणि ओट्यावर माझ्याजवळ बसला. मग म्हणाला, "आण्णा, कनसं निबर व्हायला लागली. दोन दिवस, लई तर तीन. मग सगळी ज्वारीच." थोड्या वेळाने म्हणाला, "आईला विचारलं मी. ती भीत न्हाई. आपुनच भितोय."

मी त्याला गप्प बस म्हणालो.

१९ जानेवारी, सोमवार

उद्याची पिशवी भरली. फाईल, शाल, बाटली. सकाळी अकराची बस.

२० जानेवारी, मंगळवार

नगरला गेलो नाही.

बांधावर आगटी पेटवली. हिला खुर्चीवर बसवून कल्याणने आणि रुपालीने उचलून आणली. पहिलं कणीस मी चोळलं, फुंकलं, मूठ तिच्या हातात दिली. दाणा जरा निबर होता. "मीठ ऱ्हायलं," म्हणाली. मीठ लावून दुसरी दिली.

वर तांब्याभर पाणी प्याली. मी मोजलं नाही.