दीडशे ओहमवर बसलेला आवाज

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे यातला साष्टांग भाग मनातल्या मनात केला आहे, पण केला आहे.) तुझा गुडघा, काकांचं पोट आणि शेजाऱ्यांशी चाललेला नळाचा वाद ही तिन्ही दुखणी कशी आहेत? इकडे सगळं ठीक. म्हणजे बायको ठीक, मुलगी ठीक. माझं म्हणशील तर गेले अकरा दिवस धड नाहीत. फोन वाजला की खुर्चीतून उडतो. कारण ऐकून तू मला फाडून खाशील, म्हणून क्रमाने सांगतो.

तुझी मैत्रीण, म्हणजे मला शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई, निवृत्त झाल्यापासून आमच्या वाचनालयात अंधांसाठी पुस्तकं वाचून देतात हे तुला ठाऊकच आहे. त्या वाचतात, मी ध्वनिमुद्रण करतो. खोली एवढीशी, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, टेबलावर एक मायक्रोफोन आणि त्याचा नाजूक आवाज मोठा करणारा प्रीअँप नावाचा डबा. सध्याच्या कादंबरीची दोनच प्रकरणं उरली आहेत. अकरा दिवसांपूर्वी बाई नेहमीसारख्या बसल्या, नेहमीसारखं वाचलं, आणि हेडफोनमध्ये मला जे ऐकू आलं ते रजईखाली तोंड घालून वाचल्यासारखं. स, श आणि ष एकाच घरात राहायला गेलेले. मी वायर बदलली. बाईंना जवळ बसवलं, मग लांब बसवलं, मग कोमट पाणी पाजलं. शेवटी माझेच कान गेले अशी भीती वाटून कानाच्या डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, कान पन्नाशीच्या माणसाच्या मानाने उत्तम आहेत. (मी अडतीस वर्षांचा आहे.)

कान शाबूत आहेत म्हटल्यावर दोष उरला कुणाचा? तिसऱ्या दिवशी मी, मावशी, आयुष्यातलं सर्वांत महागडं वाक्य बोललो. म्हटलं, "बाई, आवाज जरा बसल्यासारखा वाटतोय का?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घशाच्या डॉक्टरकडे गेल्या. पेशंट स्वतःच आवाज बसल्याचं सांगतोय म्हटल्यावर डॉक्टरांनी खबरदारी म्हणून पंधरा दिवस मौन सांगितलं. पंधरा दिवस! बाईंना!

मी भेटायला गेलो तर दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. हा गृहस्थ गेल्या चाळीस वर्षांत "हो", "बरं" आणि "चहा आहे का" यापलीकडे गेल्याचं कुणाला आठवत नाही. आता अडवणारं कुणी नाही म्हटल्यावर ते सुटले आहेत. पेन्शनचे नियम, पहिल्या सायकलचा रंग, बाईंच्या भावाने लग्नात केलेला अपमान, सगळं तारीखवार. बाई समोर बसून नुसत्या डोळ्यांनी विरामचिन्हं देत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी वहीत लिहिलं, "वाचन बंद. दुसरं कुणी बघ." आणि त्याखाली दोन रेघा. शाळेत दोन रेघांचा अर्थ आम्हाला चांगला माहीत होता. परत आलो तो फोन वाजला. आमच्या श्रोत्यांपैकी एक निवृत्त टायपिस्ट, बाईंच्या प्रत्येक प्रकरणाची वाट बघणारे. शेवटची फीत ऐकून काळजीत पडले होते. वाक्याच्या आधी बाई बारीकसा श्वास घेतात, तो या खेपेला ऐकू आला नाही म्हणाले, बऱ्या आहेत ना? मी हो म्हटलं आणि हेडफोन घालून तीच फीत पुन्हा लावली.

उकल झाली ती एका वकिलामुळे. हे आमचे दुसरे वाचक; यांचा आवाज कुकरच्या शिट्टीच्या जवळचा. परवा त्यांनी वाचलं, स्वतःचं मुद्रण ऐकलं, आणि "अरे वा, मी किती भारदस्त!" म्हणून टेबलावर थाप मारली. शिट्टीचा ढोल होत असेल तर घसा कुणाचाच बसलेला नाही, यंत्र बसलंय! कपाटातला दुसरा माइक लावला, तो वायरीतून वीज घेणारा. त्यावर वकील पुन्हा शिट्टी. बाईंचा माइक साधा, डायनॅमिक: आत चुंबक, त्यात तारेची गुंडाळी, वेगळी वीज नाही, बोलणाऱ्याच्या आवाजाने हलेल तेवढीच त्याची ताकद. प्रीअँपवर एक खटका आहे, इम्पीडन्सचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, चार टप्प्यांचा. तो असायला हवा चोवीसशे ओहमवर आणि होता दीडशेवर. आकडा लहान तेवढी यंत्राची ओढ मोठी, मावशी. एवढी ओढ त्या गरीब गुंडाळीला झेपत नाही, एकूण आवाज खचतो. आणि बारीक, उंच आवाजांच्या वेळी गुंडाळीचा स्वतःचाही अडथळा वाढत असल्याने सर्वांत आधी बळी जातो तो स-श-षचा आणि श्वासाचा. दुसऱ्या माइकच्या पोटात स्वतःचं यंत्र असतं, त्याला फारसा फरक पडत नाही. सफाईवाल्या काकूंच्या फडक्याने खटका फिरला असावा. मी तो चोवीसशेवर नेला आणि खोलीची खिडकी उघडावी तसा आवाज मोकळा झाला. (वकील नाराज आहेत. त्यांना दीडशेच हवं आहे.)

मग मात्र मी क्षणाचाही विलंब लावला नाही. तडक बाईंकडे गेलो, हात जोडून म्हणालो, "बाई, चूक तुमच्या गळ्याची नाही, माझ्या यंत्राची आहे." त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या मस्तकावर हात ठेवला. तो उदात्त क्षण मी जन्मभर विसरणार नाही.

काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
भाचा

ता. क. मस्तकावर हात ठेवलेला नाही. तडकही गेलो नाही. काल गेलो, जिन्यापर्यंत. वर यजमान सायकलीवर बोलत होते. मी दारात फळांची पिशवी ठेवली, घंटी वाजवली आणि पळालो. कंबर त्यातच धरली. तेव्हा खरं काम असं: तू बाईंना फोन करून हे सगळं सांग. त्यांना बोलता येणार नाही, म्हणजे तुला मधे न तोडता ऐकून घेतील, अशी संधी पुन्हा येणार नाही. आणि सांगतेच आहेस तर हेही सांग, की फडक्याचंही खरं नाही. खटका मीच फिरवला होता. याने काय होतं बघू म्हणून दीडशेवर नेला, तेवढ्यात मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली आणि विसरलो. काकूंना यातलं काही कळू देऊ नये. त्या मला रोज विचारतात, बाई कधी येणार.

ता. क. २. वर तांबड्या शाईत सहा दुरुस्त्या दिसतील, त्या माझ्या नाहीत. वाचनालयात बसून हे लिहिताना मी पाणी आणायला गेलो होतो. परत येतो तर बाई माझ्या खुर्चीत. अर्धवट राहिलेलं पुस्तक परत द्यायला आल्या होत्या आणि पत्र टेबलावर उघडं होतं. "उदात्त" या शब्दाला त्यांनी गोल केला आहे आणि समासात लिहिलं आहे, "हे कधी?" मग आठ दिवसांच्या मौनानंतर त्या पहिल्यांदा बोलल्या, "खटका दाखव." दाखवला. चोवीसशे आहे ना हे चष्मा वर करून स्वतः वाचलं, माइकसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "लाव." आत्ता त्या वाचताहेत. श्वास ऐकू येतोय, मावशी, अगदी प्रत्येक वाक्याआधी. हे मी फार हळू लिहितो आहे, कागदाची कुरकुर आत जाते. प्रकरण संपल्यावर माझ्याशी जरा बोलायचंय म्हणाल्या आहेत. चार पानं उरली. पत्र तुझ्यापर्यंत पोचून तू मला वाचवायला फोन करशील, तेवढी ती पुरतील असं वाटत नाही.