लाइन गेली की जागी होणारी मशीन

बाबा,

चक्की अजून चालू आहे, हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं तुम्ही धीरानं वाचणार नाही. खोली तीच, मोटर मात्र दोनदा बदलली. बोलते मी आपली वऱ्हाडीच, पण लिहायचं तर शाळेतल्यासारखं, ही तुमची शिस्त, म्हणून जमेल तसं शुद्ध लिहिते आहे. तुम्ही होतात तेव्हा दळणाला ज्वारी यायची. आता सगळ्या शिवारात कापूस, ज्वारी औषधाला सापडत नाही, आणि लोक रेशनचा गहू घेऊन येतात. यंदा त्या कापसानंही दगा दिला. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, आणि वेचून हाती काय, तर पिवळी कवडी, किडका डागी कापूस. तुमचा नातू वावरातून यायचा तो खिशात एक फुटलेलं बोंड घेऊन, ओट्यावर ठेवायचा आणि हातपाय धुवायला जायचा. लग्नाचा झाला आहे, पण कापूसवाल्याला पोरगी कोण देतो.

तुमचे कान चक्कीनं खाल्ले, माझेही तिनंच खाल्ले. तक्रार नाही, सांगते आहे. नवरा गेल्यावर दोन वर्षांच्या पोराला घेऊन मी या घरी परत आले तेव्हा तुम्हाला डाव्या कानानं काहीच ऐकू येत नव्हतं आणि उजव्यानं ओरडलेलं तेवढं यायचं. मी पिठाच्या पोत्यावर बसून रडत होते. तुम्ही चक्कीची किल्ली माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणालात, "रडून झालं का पट्टा चढव. लोकं खोळंबून राह्यले." तेव्हा मला तुमचा असा राग आला होता की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही. पण तो पट्टा मी चढवला, आणि त्या दिवसापासून मी कोणाच्या दारात भाकरीसाठी उभी राहिले नाही. पोरगा तेव्हा दाराशी येऊन उभा राहायचा, ओठ हलवायचा. तुम्ही भर दळणात मोटर बंद करायचात. दगडात दाणे अडकले की पुन्हा सुरू करताना किती कटकट होते ते मला आता माहीत आहे. बाया ओरडायच्या, लाइन जाईल म्हणायच्या, आणि तुम्ही खाली वाकून विचारायचात, "काय म्हणलं रे राजा?" त्याला बहुतेक वेळा फक्त गूळ हवा असायचा.

तोच राजा यंदा मला म्हणाला, चक्की बंद कर. त्याचंही चुकलं नाही. नवरात्रात वरच्या आळीतली एक म्हातारी भगर घेऊन आली. नऊ दिवसांचा उपास तिचा. "गव्हावर नको घेऊ, आधी चक्की साफ कर," असं ती म्हणाली म्हणे. मला ओठ हलताना दिसले. कान गेलेल्या माणसाला एक खोड लागते, तुम्हालाही होती, समजलं नाही तरी मान हलवायची. मी मान हलवली आणि सरळ गव्हाच्या दळणावर तिची भगर घेतली. त्या पिठाचं थालीपीठ खाऊन झाल्यावर तिला कळलं की तिच्याआधी कोणाचे तरी गहू होते. मग ती भर चौकात म्हणाली, "आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते म्हनतात. आपल्या गावात बहिरी दळते अन् उपास मोडते." लोक हसले. मलाही दुसऱ्या कोणावर बोलली असती तर हसू आलं असतं. पोरगा मात्र लाल झाला. घरी आल्यावर माझ्या तोंडासमोर येऊन एकेक शब्द म्हणाला, "आई, लोकायचे उपास मोडून राह्यली तू. खोली खतवाल्याले किरायानं देऊ. त्यानं मांगतली हाय." मी म्हटलं, "दिवाळीचं दळण होऊ दे. मी मशीन आणतो कानाची. एक जरी डबा चुकला तर किल्ली तुह्या हातात."

यवतमाळला गेले. दुकानातल्या पोरीनं विचारलं, शेलवाली की चार्जिंगवाली? शेलवालीचे बारके बटणासारखे शेल घाटंजीच्या बाजारात मिळत नाहीत, संपले की पुन्हा यवतमाळ. म्हणून मी चार्जिंगवाली घेतली. रात्री दोन्ही मशिनी एका डबीत ठेवायच्या, डबीची वायर बोर्डाला, सकाळी कानात घालायच्या, दिवसभर बघायला नको. पहिल्या सकाळी माझा स्वतःचा पदर मला ऐकू आला, बाबा. चुलीवर चहा उकळताना आवाज होतो हे मी विसरूनच गेले होते. मी चहा उकळतच ठेवला, पार आटेपर्यंत.

पण दुपारी बारा वाजले की मशिनी मेलेल्या. रोज. आणि आपल्याकडचा घोळ तुम्हाला सांगायला नको. लाइन आहे तोवर चक्की चालते आणि त्या घरघरीत कोणी बोललं तरी फायदा नाही. लाइन गेली की चक्की थांबते, बाया डबे टेकवून बसतात, कोणाला जाडं पाहिजे, कोणाला बारीक, कोणाचं बेसन, कोणाची चकलीची भाजणी, सगळं तेव्हा सांगतात. नेमकं तेव्हाच माझ्या कानात काही नाही. मी प्रत्येकीला तीनतीनदा विचारायची. पोराला वाटलं मी डबी नीट लावत नाही. "पिन बसली का पाह्य ना आई," म्हणायचा, आणि मी पिन पुसायची, वायर बदलायची, डबी देवाजवळ ठेवून पाहिली, कोठीवर ठेवून पाहिली. दिवाळी तोंडावर आलेली. मनातून मी हरले होते. खतवाला एकदा येऊन खोलीची लांबी-रुंदीही बघून गेला, मी समोर असताना, जशी काही मी तिथे नाहीच.

शोध लावला शेजारणीनं. ती माझ्याच वर्गातली, तोंडाची फटकळ. दिवे लागायच्या वेळेला विरजण मागायला आली. पोरगा डुकरांच्या राखणीला जागलीवर निघून गेलेला, मी मशिनी डबीत ठेवलेल्या. तेवढ्यात लाइन गेली. मी चिमणी लावली तर ती माझा दंड हलवते आहे आणि कोनाड्यातल्या डबीकडे बोट दाखवते आहे. जवळ येऊन कानात ओरडली, "रोज रातीले लाइन गेली का तुह्या घरातून रातकिडा ओरडते. मले भिंतीपलीकडून आयकू येते. हा पाह्य, लागला ओरडाले." तिनं डबी उघडली. आत दोन हिरवे ठिपके लुकलुकत होते. तिनं मशीन उचलून माझ्या कानात घातली, आणि मला दुसऱ्या मशीनची शिट्टी ऐकू आली, बारीक, लांबलचक. मग आम्ही दोघी खाली बसून पोट धरून हसलो. साऱ्या गल्लीला माझी डबी ओरडताना ऐकू येत होती. घरात एकटी मी, आणि माझे कान त्या डबीत.

दुसऱ्या दिवशी यवतमाळ गाठलं. दुकानातली पोरगी म्हणाली, डबीला स्वतःची बॅटरी नाही, करंट तुटला की मशीनला वाटतं आपल्याला बाहेर काढलं, ती जागी होते आणि डबीतल्या डबीत उतरत जाते. मोबाइलची पॉवर बँक मधे लावा म्हणाली, करंट तुटणारच नाही. एवढीच गोष्ट. आले आहात तर कान पुन्हा तपासून घ्या असंही तीच म्हणाली. डॉक्टरांनी कागदावरची रेघ बघितली, जुनी रेघ बघितली, आणि विचारलं मी काय काम करते. मग म्हणाले, "आवाजात राहाल तर उरलंय तेही जाईल. मग मशीनसुद्धा काही ऐकवू शकणार नाही." मी म्हटलं, कान झाकून बसले तर? "मग गिऱ्हाईक कसं ऐकाल? चक्की सोडा, बाई. आत्ता सोडली तर हे पुष्कळ वर्षं टिकेल." चांगला माणूस होता, घाई केली नाही त्यानं.

घरी आल्यावर पोरानं स्वतःची पॉवर बँक काढून दिली. जागलीवर रात्रभर त्याचा मोबाइल तिच्यावर चालायचा. "मले काय, मी बिनामोबाइलचा जागत जाईन," म्हणाला. दिवाळीचं दळण झालं. दारापासून चौकापर्यंत डबे, आणि एकही चुकला नाही. उपासवाली म्हातारीही आली, मुद्दाम हळू आवाजात बोलली, बघावं म्हणून. मी म्हटलं, "जाडं पाहिजे ना, आयकू आलं." भाऊबीज झाल्यावर पोरगा म्हणाला, "राहू दे चक्की. मी सांगतो खतवाल्याले." आता संध्याकाळी जागलीवर जाण्याआधी तो माझ्याजवळ बसतो. बोंडअळीचं बोलतो, पुढच्या साली तूर पेरू का विचारतो, एका मुलीबद्दलही बोलला, दारव्ह्याकडची आहे. इतकी वर्षं त्यानं यातलं काही मला सांगितलं नव्हतं. ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नसते ती.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतं आहे. डॉक्टर काय म्हणाले ते मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं तर तो त्याच दिवशी चक्कीला कुलूप लावेल आणि मला दोन वेळचं प्रेमानं वाढेल, आणि मला ते नको आहे. नाही सांगितलं तर एक दिवस तो त्या मुलीबद्दल बोलत असेल आणि मला फक्त ओठ दिसतील. दोन्ही मला कळतं. रोज सकाळी कळतं आणि रोज मी पट्टा चढवते, मशिनी काढून कानात कवडीचा बोळा कोंबून. काल त्यानं पुन्हा विचारलं, "आई, डॉक्टर काय म्हणले तुले त्या दिवशी?" स्पष्ट ऐकू आलं मला, बाबा, शब्द न् शब्द. मी तांदूळ निवडत राहिले, जसं काही ऐकलंच नाही. त्यानं वाकून माझ्या कानाकडे पाहिलं. मग म्हणाला, "उतरली वाटते मशीन," आणि उठून माझ्यासाठी डबी लाइनीला लावली.